पाणी बदलायचं नाही

आमच्या स्विमिंग पूलमध्ये 43 हजार लिटर पाणी मावतं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला 1.2 मीटर आणि दुसऱ्या टोकाला 1.5 मीटर खोल, सरासरी 1.35 धरून गुणाकार केला की हा आकडा येतो. दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला, जिथे आमचं घर आहे, तिथे पाणी लिटरमध्ये कुणी मोजत नाही, टँकरमध्ये मोजतात. दहा हजारी चार टँकर आणि वर थोडं. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचे शेतकरी अंजिराच्या बागेला ठिबकचे तास मोजून पाणी देतात, शेततळ्यातलं पाणी किती उतरलं ते रोज काठावर उभं राहून बघतात. अशा गावात अंगणात पोहण्याएवढं पाणी बाळगायचं तर त्याला एकच अट हवी असं माझं ठाम मत आहे. एकदा भरलेलं पाणी फेकायचं नाही. पंप, फिल्टर, औषध, रोजच्या सवयी, सगळं या एका अटीवर पारखून घ्यायचं.

आजूबाजूच्या अनेक फार्महाउसवर उन्हाळ्याच्या तोंडावर पूल रिकामा करतात, घासून काढतात आणि पुन्हा भरतात. पाणी जुनं झालं म्हणतात. पाणी जुनं होत नाही. त्यात विरघळलेल्या गोष्टी साठत जातात, आणि काय साठू द्यायचं ते बहुतांशी आपल्या हातात असतं. शिवाय रिकामा पूल म्हणजे जमिनीत पुरलेली मोकळी पेटी. पावसाळ्यात भोवतालची जमीन ओली असताना तो रिकामा केला, तर खालून पाण्याचा दाब येतो, फरशा सुटतात, तळाला तडे जाऊ शकतात. भरलेलं पाणी पूलच्या भिंतींनाही सांभाळत असतं.

मुळात पूल हवा कशाला, हा प्रश्न घरात बराच काळ चालला होता. कारण आईचे गुडघे. रस्त्यावर शंभर पावलं चालली की तिला बसावं लागायचं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, पाण्यात चालू द्या. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा साधारण निम्मा भार पायांवर येतो, छातीइतक्या पाण्यात जेमतेम एकतृतीयांश. जवळचा सार्वजनिक तलाव दूर, तिथल्या शिडीवरून तिला उतरता येत नाही, आणि बायकांची वेळ ठरलेली. खोली 1.5 मीटरपर्यंतच ठेवली ती यासाठी. शिडीऐवजी रुंद पायऱ्या केल्या आणि दोन्ही बाजूंना कठडा बसवला. कठड्याच्या स्टीलवर मी अडून बसले होते. बाजारात सर्रास 304 दर्जाचं स्टील देतात, क्लोरीनच्या पाण्यात त्याला तांबूस ठिपके पडायला लागतात. 316 महाग पडतं. पण ज्या दांड्याला धरून सत्तरीची बाई ओल्या पायरीवर उतरणार आहे, तिथे काटकसर कशाला करायची?

पहिल्या ठेकेदाराचं दरपत्रक मी जपून ठेवलंय. चार पानं होती. त्यात रंगीत दिवे होते, धबधबा होता, काठाला लावायच्या मोझेकचे सहा प्रकार होते. पंप आणि फिल्टर मिळून एक ओळ: ‘दीड हॉर्सपॉवर पंप, 400 मिमी सँड फिल्टर’. पाणी ज्याच्या जिवावर टिकायचं ते एवढंच.

हिशेब अवघड नाही. पूल बांधणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतः कागदावर मांडावा. घरगुती पूलमधलं सगळं पाणी साधारण सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं. 43 हजार भागिले सहा, म्हणजे तासाला 7,200 लिटर. 400 मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमधल्या वाळूचं क्षेत्रफळ जेमतेम 0.126 चौरस मीटर भरतं. एवढ्याशा वाळूतून ताशी 7,200 लिटर काढायचे, तर पाण्याचा वेग ताशी 57 मीटर होतो. दीड हॉर्सपॉवरचा पंप तर याच्या दुपटीने पाणी ढकलतो. इतक्या जोरात पाणी आलं की ते वाळूत वाटा पाडतं आणि बारीक धूळ त्या वाटांनी परत पूलमध्ये येते. मग पाणी गढूळ दिसतं म्हणून औषध वाढवा, तुरटी टाका, आणि शेवटी पूल रिकामा करा. 600 मिमीचा फिल्टर घेतला की तेच पाणी ताशी 25 मीटरने जातं. वाळू अर्धा ते पाऊण मिलिमीटरचीच, पण तिला धूळ धरून ठेवायला सवड मिळते. आम्ही मोठा फिल्टर आणि लहान, पाऊण हॉर्सपॉवरचा पंप घेतला. पाइप दीड इंची ऐवजी दोन इंची टाकायला लावले. पाइप एवढा रुंदावला की त्याच प्रवाहाला होणारं घर्षण जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतं, म्हणून लहान पंपाला दम लागत नाही. ठेकेदाराला हे पटलं नाही आणि तो निघून गेला. दुसऱ्याने ऐकून घेतलं. धबधब्याचे पैसे फिल्टरकडे वळवले, एवढाच काय तो फरक. एकूण खर्च जवळपास तेवढाच आला.

कार्ट्रिज फिल्टर, म्हणजे घड्यांच्या कापडातून पाणी गाळणारा, घ्यावा का, यावर मी खूप विचार केला, कारण त्याला बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं, लागत नाही. काढा, नळीखाली धुवा, बसवा. पाण्याच्या दृष्टीने तो सरस आहे. पण आमच्याकडे मार्च ते मे वारा धूळ घेऊनच येतो, घड्या दर दोन-चार दिवसांनी तुंबणार, आणि बदली कार्ट्रिजसाठी पुण्यातही हेलपाटे. वाळू कुठेही मिळते आणि पाच-सात वर्षं टिकते. म्हणून वाळू. त्याबरोबर एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून घालून घेतली. बॅकवॉश वार बघून करायचा नाही, प्रेशर गेज बघून करायचा. फिल्टर स्वच्छ असताना काटा जिथे असतो तिथे रंगाने खूण केली आहे. काटा त्याच्या अर्धा बार वर चढला की मगच पंप बंद करून व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा. एका बॅकवॉशला चारशे-पाचशे लिटर जातात. दर रविवारी करायचा म्हणून केला, तर वर्षाला अर्धा पूल गटारात. आमचं बॅकवॉशचं पाणी उघड्या हौदात जातं, उन्हात दोन-तीन दिवस राहिलं की क्लोरीन उडून जातो, आणि मग ते सीताफळाच्या आळ्यांत सोडतो.

माझ्या आजोळी विहीर होती. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामा पोरांना त्यात सोडायचा, आणि त्याच पाण्यावर मळा भिजायचा. त्या विहिरीला कुणी कधी औषध घातलं नाही. तळाला झरे, कपारीत मासे आणि कासव, आणि मोट गेल्यावर आलेल्या मोटरीने रोज उपसा. पाणी आपोआप बदलत राहायचं. पूलमधल्या पाण्याला झरा नाही आणि उपसाही नाही. त्यात घाम, धूळ, पानं, पाखरांची विष्ठा जे पडेल ते तिथेच राहतं. म्हणून पूलची देखभाल करताना विहिरीचे नियम चालत नाहीत, आणि गावातल्या जाणत्या माणसांनाही हे नव्याने शिकावं लागतं.

आमचे काका, म्हणजे घर आणि बाग सांभाळणारे, हे माझ्याआधी शिकले. ते आयुष्यभर विहिरी आणि शेततळी बघत आलेले. सुरुवातीला पाण्यावर हिरवी झाक दिसली तेव्हा ते मला म्हणाले, “ताई, चिमूटभर मोरचूद टाकूया का? द्राक्षाला मारतात की.” मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरंच आहे, कितीतरी पूलवाले तेच वापरतात. पण त्यातलं तांबं पाण्यातून जात नाही. ते भिंतीवर काळपट-हिरवे डाग पाडतं, आणि डाग काढायला पूल रिकामा करावा लागतो. तुरटीचंही तसंच आहे. तुरटीने गाळ तळाला बसतो, पण तो गाळ फिल्टरला बाजूला ठेवून थेट बाहेर ओढावा लागतो, त्यात हजारो लिटर पाणी जातं. दोन्ही आम्ही बाहेर ठेवलं. रोज दहा मिनिटं भिंतींना ब्रश मारणं हे या दोन्हींपेक्षा जास्त काम करतं, आणि काकांचा हात ब्रशवर पहिल्यापासून चांगला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी पूल विकणारा कुणीही सांगत नाही. भारतात घरगुती पूलमध्ये सर्रास टीसीसीए या क्लोरीन देणाऱ्या रसायनाच्या गोळ्या किंवा पावडर वापरतात. 90 टक्के उपलब्ध क्लोरीन, ठेवायला सोपी, स्वस्त. या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड असतं, ज्याला धंद्यात स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडं हवंच. उघड्या उन्हात साधा क्लोरीन दोन-तीन तासांत जवळपास संपतो, स्टॅबिलायझर त्याला धरून ठेवतो. 30 ते 50 पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम, असला की छान. पण क्लोरीन काम करून संपून जातो आणि स्टॅबिलायझर मागे राहतो. तो उडत नाही, साध्या फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हाने मरत नाही. टीसीसीएने 1 पीपीएम क्लोरीन वाढवला की 0.6 पीपीएम स्टॅबिलायझर वाढतो. उन्हाळ्यात पूलला रोज 2 पीपीएम क्लोरीन लागतो असं धरा. महिन्याला 36 पीपीएम. तीन महिन्यांत शंभरी ओलांडली. मग तो क्लोरीनला इतका घट्ट धरून ठेवतो, की मोजणीत क्लोरीन पुरेसा दिसतो आणि शेवाळ मात्र वाढत राहतं. पूलवाला बघतो आणि सांगतो, पाणी जुनं झालं, बदला. पाणी बिघडवलं गोळीने, आणि ते जमिनीत सोडून त्या जागी चार नवे टँकर.

म्हणून आमच्याकडे गोळ्या फक्त सुरुवातीला वापरल्या, स्टॅबिलायझर 40 पर्यंत येईपर्यंत. त्यानंतर लिक्विड क्लोरीन, म्हणजे हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). आमच्या पाण्याला 2 पीपीएमसाठी दहा टक्क्यांचं हायपो साधारण पाऊण ते एक लिटर लागतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून, काठाने फिरत फिरत ओतायचं. ते उन्हात आणि उष्णतेत लवकर कमजोर होतं, म्हणून साठा करत नाही, पंधरवड्यापुरतं आणतो आणि सावलीत ठेवतो. गोळीच्या मानाने हे काम जास्त आहे. दोन दिवस गावाला जाताना तरंगत्या डब्यात एखादी गोळी सोडून जातो, एवढी सूट आहे. एक इशारा मात्र मोठ्या अक्षरांत पंपरूमच्या दारावर लिहिला आहे. टीसीसीए आणि दाणेदार कॅल्शियम हायपो एका डब्यात, एका मापात, ओल्या हातानेही एकत्र येऊ द्यायचं नाही. पेट घेऊ शकतं, विषारी वायू सुटतो. अ‍ॅसिड आणि क्लोरीनचंही तेच. औषध पाण्यात घालायचं, औषधावर पाणी कधीच नाही.

स्टॅबिलायझरची मोजणी बघण्यासारखी असते. छोट्या बाटलीत अर्धं पूलचं पाणी, अर्धं औषध. हलवलं की ते दुधी होतं. उभ्या नळीच्या तळाला एक काळा ठिपका असतो. वरून ते दुधी पाणी हळूहळू ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून नळीवरचा आकडा वाचायचा. काका चष्मा कपाळावर चढवतात, नळी कमरेपाशी धरतात, सूर्याकडे पाठ करतात आणि थेंब थेंब सोडतात. ठिपका गेला की मान वर न करता, “बास. चाळीसच हाय.” मग मी पुन्हा एकदा करून बघते, कारण माझी नजर लवकर हार मानते आणि माझा आकडा नेहमी वर येतो. काकांचाच धरायचा असं आता ठरलंय.

टेस्ट किटवर लोक पैसे वाचवतात याचं मला वाईट वाटतं. पूलबरोबर मिळणाऱ्या साध्या किटमध्ये पिवळा रंग देणारं औषध असतं. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातला किती मोकळा आहे आणि किती घाम-लघवीशी जोडला जाऊन निकामी झाला आहे, हे त्यातून कळत नाही. पूलवर येणारा उग्र वास आणि लाल होणारे डोळे हे बहुतेकदा या निकामी झालेल्या क्लोरीनचे असतात. वास येतो म्हणून क्लोरीन कमी करणारा माणूस नेमका उलटा उपाय करत असतो. तिथे एकदा मोठी मात्रा देऊन ते सगळं जाळून काढावं लागतं. डीपीडीचं किट, जे गुलाबी रंग देतं, ते मोकळा क्लोरीन वेगळा दाखवतं. ते थोडं महाग आहे, पण एका टँकरच्या भाड्यात त्याच्या बाटल्या बराच काळ पुरतात.

सॉल्ट क्लोरिनेटरचा आग्रह हल्ली प्रत्येक जण धरतो. पाण्यात मीठ घालायचं, यंत्र विजेने त्याचाच क्लोरीन बनवतं. पाणी अंगाला मऊ लागतं, रोज ओतायची कटकट नाही, आणि मुंबईत गच्चीवरच्या पूलसाठी मी स्वतः त्याची शिफारस करेन. आमच्याकडे नाही. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ म्हणजे आमच्या पूलला दीडशे किलो. ते प्रत्येक बॅकवॉशबरोबर सीताफळाच्या मुळाशी जाणार. हायपोनेही मीठ साठतं, पण हळूहळू, आणि पावसाळा त्यातलं काही वाहून नेतो. ज्या मातीला आधीच पाणी कमी आहे, तिच्यात जाणूनबुजून मीठ सोडायचं मला मान्य नाही.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. काळ्या कातळातून येतं, साबणाला फेस येत नाही, किटलीत पांढरा थर बसतो. पूलमध्ये तोच थर पाण्याच्या रेषेवर फरशीला धरतो. आणि इथे उन्हाचा खेळ सुरू होतो. मे महिन्यात पूलचं पाणी दिवसाला आठ मिलिमीटरच्या आसपास उतरतं, 32 चौरस मीटरवर ते अडीचशे लिटर होतं. उडतं ते शुद्ध पाणी. चुना मागे राहतो. वरून पुन्हा बोअरचं पाणी घातलं की आणखी चुना. पाणी उतरलं की काका आधी बादली लावतात. पायरीवर भरलेली बादली ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी पेन्सिलीने आखायची, दुसऱ्या दिवशी बघायचं. दोन्ही सारखी उतरली तर ऊन, बाहेरची जास्त उतरली तर गळती.

त्यावर दोन उपाय केले. पहिला, बुडबुड्यांचं निळं कव्हर. ते रूळावर गुंडाळलेलं असतं, आईचं चालून झालं की ओढून घ्यायचं. बाष्पीभवन बरंचसं थांबतं, ऊन कमी आत जातं म्हणून क्लोरीनही कमी लागतो, पानं पडत नाहीत. पूलसाठी घेतलेल्या सगळ्या सामानात एकच ठेवायला सांगितलं तर फिल्टरनंतर मी कव्हर ठेवेन. त्याचा कुणी फोटो काढत नाही, म्हणून ते दरपत्रकात नसतं. दुसरा उपाय, छपराचं पाणी. आमचं छप्पर 120 चौरस मीटर आहे. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला, तर 48 हजार लिटर. म्हणजे अख्खा पूल आणि वर. सगळं साठवायला टाकी नाही, पण जेवढं साठतं ते पुढच्या उन्हाळ्यात पूलमध्ये भर घालायला पुरतं. पावसाचं पाणी मऊ असतं, चुना आणत नाही, उलट असलेला पातळ करतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडतो, छप्पर धुऊन निघतं. पाऊस थेट पूलमध्येही पडतोच, आणि जुलैमध्ये अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद, उतरते. तेव्हा खायचा सोडा घालून ती 80 ते 120 मध्ये आणावी लागते. एरवी बोअरच्या पाण्याने पीएच वरच चढत असतो, 7.8 च्या पुढे गेला की क्लोरीनचा जोर कमी होतो, म्हणून अ‍ॅसिड.

आणि तळाच्या जाळीबद्दल, जिथून पंप पाणी ओढतो. हे मी प्रत्येकाला सांगते, विचारलं नसलं तरी. अमेरिकेत 2002 मध्ये व्हर्जिनिया ग्रॅम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाच्या ओढीत अडकून बुडाली. आईने ओढून काढायचा प्रयत्न केला, निघेना. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या नावाने 2007 मध्ये तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांच्या तळाला सुरक्षित झाकणं सक्तीची झाली. आपल्याकडे घरगुती पूलमध्ये एकच सपाट जाळी आणि तिच्यामागे ताकदवान पंप असं चित्र मी अजून बघते. आमच्या तळाला एकमेकांपासून लांब अशा दोन फुगीर जाळ्या आहेत, एक झाकली गेली तरी दुसरी पाणी देते. दिवे 12 व्होल्टचे. चारी बाजूंनी कुंपण, आपोआप मिटणारं फाटक, आणि कडी पोराच्या हाताला येणार नाही इतकी उंच. यात कुठेही सवलत नाही.

मागच्या आठवड्यात वरच्या बाजूला घर बांधणारं एक जोडपं पूल बघायला आलं होतं. त्यांनी मोझेकचा रंग विचारला, मी त्यांना आधी पंपरूममध्ये नेलं. काकांनी गेजवरची खूण दाखवली, कव्हर अर्धं ओढून दाखवलं, नळीतला काळा ठिपका त्या बाईंना स्वतः बघायला लावला. जाताना त्यांनी आपल्या ठेकेदाराला फाटकातूनच फोन लावला आणि विचारलं, फिल्टर किती मिलिमीटरचा आहे, बॅकवॉशचं पाणी कुठे सोडणार, छपराचा पाइप पूलकडे वळवता येईल का. पलीकडच्या माणसाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. बाकीच्या दोन्हींची तो चौकशी करून सांगणार आहे.